जावई म्हणतो क्रॉसबो, हात म्हणतो कंपाउंड

प्रश्न : स. न. वि. वि. मी ५४ वर्षांचा, मानेवाडा रोडला राहतो. बऱ्याच वर्षांपासून कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं, त्यांनी ओढ हलकी होते ते) चालवतो, ५० मीटरवर हात चांगला बसला आहे. गेल्या वर्षी उजवा खांदा धरला होता, फिजिओथेरपीने सुटला. ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलीकडे ओहायोला चाललो आहोत, मार्चपर्यंत राहू. जावई तिथल्या मित्रांसोबत हरणाच्या शिकारीला जातो आणि मलाही चला म्हणतो. त्याचं म्हणणं, "बाबा, कंपाउंड राहू द्या, क्रॉसबो घ्या. एका दुपारी शिकाल, आणि लांबूनही मारता येईल." माझं मन मात्र कंपाउंडवर आहे. काय घ्यावं? सौ.ला हा सगळा प्रकारच पटत नाही. ती म्हणते, त्या मुक्या जिवाने तुमचं काय बिघडवलं? शेवटचं एक : काटोलजवळ भावाच्या संत्र्याच्या बागेत रोही (नीलगाई) आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. क्रॉसबो घेतलाच, तर परत येताना आणून तिथे वापरता येईल का?
— एक वाचक, नागपूर

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. त्यावर खाली सविस्तर लिहितो. आधी मुख्य गोष्ट.

खांदा साथ देत असेल तर कंपाउंडच न्या. देत नसेल तर क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य, घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण जावईबापूंचं "लांबूनही मारता येईल" हे वाक्य मनातून काढून टाका, हत्यार कुठलंही असो. माझं सगळं म्हणणं या अंतराभोवतीच फिरणार आहे.

खांद्याची परीक्षा इथेच, नागपुरात घ्या. घरातलं सगळ्यात जाड स्वेटर, त्यावर जॅकेट घाला आणि पाठ न टेकता खुर्चीवर बसा. धनुष्याची ओढ (दोरी खेचायला लागणारा जोर) ५० पाउंडांवर आणा. आता दोरी ओढायची, पण रेंजवर बरेच जण करतात तसं धनुष्य आभाळाकडे उचलून नाही. हात निशाण्याच्या रेषेत ठेवून, सावकाश, कोपर सरळ मागे. पूर्ण ओढून झाली की अर्धा मिनिट धरा आणि बाण न सोडता तितक्याच सावकाश दोरी परत न्या. बाण लावूनच करा आणि समोर टार्गेट असू द्या. चुकून दोरी सुटली तर रिकाम्या सुटलेल्या धनुष्याचे लिंब, म्हणजे वाकणाऱ्या पट्ट्या, तुटू शकतात. हे लागोपाठ तीन-चार वेळा हात न थरथरता जमलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा बोलला नाही, तर तुम्ही कंपाउंडवाले. खांदा ठणकला तर हट्ट करू नका. नागपूरच्या ऑक्टोबरात मोकळा वाटणारा खांदा तिथल्या नोव्हेंबरच्या पहाटे, पारा शून्याच्या आसपास असताना, दोन-तीन तास झाडावर बांधलेल्या पाटावर (स्टँडवर) निश्चल बसल्यावर वेगळाच वागतो.

५० पाउंड कमी पडतील अशी शंका येईल. ओहायोत हरणासाठी धनुष्याला कायद्याने ४० पाउंड पुरतात, क्रॉसबोला १२५ लागतात. ५० पाउंडांच्या कंपाउंडमधून ४०० ग्रेनचा (सुमारे २६ ग्रॅमचा) बाण सेकंदाला २५० फुटांच्या आसपास निघाला, तरी धारदार ब्रॉडहेडसह, म्हणजे पाती असलेल्या शिकारी टोकासह, तो जवळच्या अंतरावरून हरणाच्या बरगड्या पार करून जातो. आणि कॅममुळे, म्हणजे टोकांच्या त्या चाकांमुळे, पूर्ण ओढल्यावर ८० टक्के भार सुटत असेल, तर हातात उरतात फक्त १० पाउंड. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंडचं पेटंट मिळालं, त्या कल्पनेचा गाभा हाच आहे. चढाचा भार आधी सोसायचा, मग निवांतपणे नेम धरायचा. तुमच्या वयाच्या शिकाऱ्याला याचा उपयोग मोठा.

आता अंतर. तुम्ही ५० मीटरवर नेम धरता, म्हणजे ५५ यार्ड. त्या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटरचं. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग बनतो, तो साधारण २० सेंटीमीटरचा. मनात येणारच की हे तर सोपं झालं. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले, तेही याच ५० मीटरवर. पण टार्गेटला कान नसतात.

तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण दोरीचा आवाज ऐकतं आणि पळण्याआधी पाय दुमडून खाली दबतं, उडी घेण्यासाठी. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, तुमचा बाण २५०. हरीण ३० यार्डांवर, म्हणजे ९० फुटांवर असेल, तर बाणाला ०.३६ सेकंद लागतात आणि आवाज ०.०८ मध्ये पोचलेला असतो. मधे राहिला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. सावध हरणाला छाती वीतभर खाली न्यायला तेवढा पुरतो. बाण मग पाठीच्या वरून तरी जातो, नाहीतर वरच्या मांसात रुततो. जनावर जखम घेऊन पळतं आणि सापडत नाही.

जावईबापू म्हणतील, क्रॉसबो ४०० फुटांच्या वेगाने मारतो. मारतो, हे खरं आहे. ३० यार्डांवर तो मधला वेळ जवळजवळ निम्मा होतो. हा त्याचा खरा फायदा, आणि तो ३० यार्डांवर घ्यावा. तोच क्रॉसबो ५० यार्डांवर नेला की १५० फुटांना ०.३८ सेकंद, आवाजाला ०.१४. म्हणजे पुन्हा जवळपास पाव सेकंद हरणाच्या हातात. वाटेत बोल्टचा, म्हणजे क्रॉसबोच्या आखूड बाणाचा, वेग उतरतो आणि क्रॉसबोचा आवाजही कंपाउंडहून मोठा, हे वेगळंच. महागडं यंत्र घेऊन माणूस लांब सरकतो आणि मिळवलेलं सगळं घालवून बसतो. क्रॉसबोवरच्या दुर्बिणीत २०, ३०, ४०, ५०, ६० यार्डांच्या अशा रेघा आखलेल्या असतात, आणि रेघ दिसली की वापरावीशी वाटते. म्हणून पहिल्या हंगामात कंपाउंडला २० ते २५ यार्ड आणि क्रॉसबोला ३० ते ३५ यार्ड ही हद्द धरा. हरीण त्यापलीकडे उभं असेल तर बघत बसा. आणि हद्दीच्या आत असलं तरी मान ताठ करून, कान रोखून तुमच्याकडेच पाहत असेल, तर थांबा. खाली मान घालून चरणारं, निर्धास्त हरीण हवं.

क्रॉसबोच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट निर्विवाद आहे. हरीण जवळ आल्यावर दोरी ओढण्याची हालचाल करावी लागत नाही. कंपाउंडवाल्यांची निम्मी हरणं त्या एका हालचालीत निसटतात, असं म्हटलं तरी चालेल. क्रॉसबो आधीच ताणलेला असतो, टेकवायचा, सेफ्टी काढायची, ट्रिगर दाबायचा. नव्या माणसाला एका दुपारी ३० यार्डांवर बोल्ट एका जागी बसवता येतात हेही खरं, जावई त्यात खोटं बोलत नाही.

पण "खांद्याला आराम" हे अर्धंच खरं. तो ताणायला तर लागतोच. १७५ पाउंडांचा क्रॉसबो दोरीच्या हुकांनी ताणला तरी निम्मा भार, म्हणजे ८५-९० पाउंड, दोन्ही हातांनी कमरेपर्यंत ओढावा लागतो. धरलेल्या खांद्याला ५० पाउंडांच्या धनुष्याहून हे जड जाईल. घेतलाच तर क्रँक असलेला, म्हणजे हँडल फिरवून ताणता येणारा घ्या, आणि शक्यतो क्रँकनेच ढिला करता येणारा. नाहीतर संध्याकाळी शिकार न होता उतरताना ताणलेला क्रॉसबो मोकळा करायला एक जुना बोल्ट टार्गेटमध्ये किंवा मऊ मातीत सोडावा लागतो. दुर्बिणीसह त्याचं वजन साडेतीन-चार किलोपर्यंत जातं आणि ते सगळं पुढच्या बाजूला. टेकू हवाच.

अंगठ्याबद्दल मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो. पुढचा हात क्रॉसबोच्या खालून धरला की अंगठा आपोआप वर, दोरीच्या वाटेत येतो. ती दोरी अंगठा ठेवत नाही. बोटं आणि अंगठा दोन्ही रुळाच्या (बोल्ट आणि दोरी ज्यावरून सरकतात त्या पट्टीच्या) खाली राहिली पाहिजेत, प्रत्येक वेळी, हातमोजे घातलेले असताना तर जास्तच, कारण तेव्हा अंगठा कुठे आहे ते कळत नाही. तसंच त्याचे लिंब सुटताना फटका मारतात. झाडाची फांदी किंवा स्टँडचा कठडा तिथे असेल तर बोल्ट भलतीकडे जातो आणि लिंब फुटतो. बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना फिरवून आधीच पाहून घ्या.

कंपाउंड न्यायचं ठरलं, तर इथलं स्पर्धेचं धनुष्य जसंच्या तसं नेऊन चालणार नाही. ते लांब असतं, कॅमपासून कॅमपर्यंत ३७-४० इंच. झाडावरच्या अरुंद पाटावर ३०-३२ इंचांचं शिकारीचं धनुष्य सोयीचं. जावयाच्या ओळखीत कुणाकडे असेल तर पहिला हंगाम त्यावर काढा, मात्र ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते माप) दुकानातून तुमच्या मापाची करून घ्या. स्वतःचंच न्यायचं असेल तर कडक केसमध्ये, चेक-इन सामानात, आणि विमान कंपनीला आधी विचारून. लांब स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा पुढचा दांडा) काढा. भिंग लावलेली स्पर्धेची साइट पहाटेच्या अंधुक उजेडात आंधळी होते, तिच्याऐवजी तीन पिनांची साधी साइट लावा आणि पीप (दोरीत बसवलेली, डोळ्याने आरपार बघायची कडी) मोठ्या भोकाचा घ्या. पाठीच्या स्नायूंनी नकळत सुटणारा रिलीज (दोरी धरून सोडायचं हातातलं साधन) टार्गेटसाठी उत्तम. हरणासाठी अंगठ्याचा किंवा तर्जनीचा ट्रिगर असलेला घ्या, कारण तिथे क्षण तुम्ही निवडायचा असतो. स्पर्धेचे बारीक, हलके बाण घरीच राहू द्या.

ब्रॉडहेड लावल्यावर बाण साध्या टोकासारखा जात नाही. त्याची पाती हवेत सुकाणू बनतात आणि धनुष्यातली बारीकशी खोटही लांबवर दाखवून देतात. म्हणून पोचल्यावर पहिले दोन आठवडे फक्त सराव. आधी साधी टोकं, मग फोमच्या टार्गेटमध्ये तीच ब्रॉडहेड, आणि शिकारीसाठी कोरी धारेची वेगळी ठेवायची. थोडा सराव उंचावरूनही हवा. आपल्या रेंजवर जमीन सपाट असते, वरून खाली मारायची सवय नसते. नवखा माणूस नुसता हात खाली करतो, त्याने खांदा आणि डोळ्याचा कोन बिघडतो आणि बाण वर जातो. कमरेत वाका, वरचं अंग जसंच्या तसं ठेवा.

बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून जागा एकच, पुढच्या खांद्याच्या लगेच मागे. हरीण आडवं उभं हवं, किंवा थोडं तुमच्यापासून वळलेलं. समोरून छातीवर नाही, मागून तर नाहीच. बाण सुटल्यावर लगेच खाली उतरायचं नाही. हरीण कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते लक्षात ठेवायचं आणि निदान अर्धा तास बसायचं. मग बाण शोधायचा. त्यावर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. गडद रक्त, हिरवट घाण आणि वास असेल तर बाण पोटात बसलाय. मागे धावू नका, सहा-आठ तास किंवा रात्रभर थांबा. पाठलाग केला तर ते जनावर मैलभर जातं. हे थांबणं फार जड असतं. ज्याला हे जमणार नाही त्याने बाण सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाडावर चढायचं म्हणजे पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि तो जमिनीवरून पाय उचलण्याआधी अडकवायचा. शिकारीतले गंभीर अपघात हत्यारापेक्षा अशा पडण्यातूनच जास्त होतात, आणि ५४ व्या वर्षी मोडलेलं कंबरडं लवकर जुळत नाही. धनुष्य मागाहून दोरीने ओढून घ्यायचं. क्रॉसबो असेल तर ढिला आणि बोल्टाशिवाय.

परवान्याचं थोडक्यात. बाहेरच्या माणसाला ओहायोत नॉन-रेसिडेंट हंटिंग लायसन्स आणि त्याशिवाय वेगळं डिअर परमिट लागतं. पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कोर्सशिवाय अप्रेंटिस लायसन्स मिळतं, पण तेव्हा लायसन्सवाला प्रौढ सोबत लागतो. तुम्ही कोर्स कराच. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, त्यात क्रॉसबोही चालतो. प्रत्येक राज्यात तसं नाही, ओरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकारच करता येत नाही. किती हरणं मारता येतील ते काउंटीवर ठरतं, शिंगवाला नर मात्र पूर्ण राज्यात वर्षाला एकच. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. "जावयाच्या मित्राचं शेत आहे" एवढं पुरत नाही. बंदुकीचा हंगाम मधे येतो, त्या दिवसांत धनुष्यवाल्यानेही केशरी जॅकेट घालायचं. हरीण मिळालं की त्याची नोंद करणं सक्तीचं आहे. त्या वर्षीची नियमपुस्तिका तुम्ही स्वतः वाचा, जावयाच्या आठवणीवर राहू नका.

वहिनींच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. त्यांना जे वाटतं ते योग्यच आहे, आणि तुम्ही नाही गेलात तरी काही बिघडत नाही. पण तिथली परिस्थिती त्यांनी ऐकावी. आपल्या पेंचमध्ये चितळांची संख्या वाघ, बिबटे आणि रानकुत्री आटोक्यात ठेवतात. ओहायोतले लांडगे आणि डोंगरी सिंह माणसाने कधीच संपवले. हरणंही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून जवळजवळ नाहीशी झाली होती. नियम, मर्यादित परवाने आणि शिकाऱ्यांच्याच पैशातून ती परत आली. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसवलेला कर वन्यजीवांसाठी राखला गेला, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. आज ती हरणं इतकी आहेत की जंगलातली कोवळी रोपं टिकत नाहीत आणि रस्त्यावर गाड्यांना धडकून ती मरतात. मारलेलं हरीण तिथे घरी खाल्लं जातं. एवढं ऐकूनही वहिनींना नको वाटलं, तर पहिल्या खेपेला हत्याराशिवाय जावयासोबत झाडावर बसून या. तुमचाही निर्णय त्यातून पक्का होईल.

आता काटोल. भावाची तडफड मला समजते. बहराला आलेल्या बागेत रात्रीतून डुकरांनी माती उलथून टाकलेली, ठिबकच्या नळ्या चावून फेकलेल्या, रोह्यांनी कोवळी झाडं मोडलेली. एका सकाळी ते पाहिलं की माणसाचं डोकं फिरतं. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, हाकणं आणि त्यांचा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. वावर आपलं असलं म्हणून सूट मिळत नाही. क्रॉसबो घेऊन धुऱ्यावर बसलेला माणूस सापडला, तर बाण सुटला की नाही हा प्रश्न नंतरचा. उभ्या पिकाच्या नासाडीसाठी कलम ११ खाली परवानगी देता येते, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने, आदेशात लिहिलेल्या जनावरापुरती आणि अटींवर. त्यामुळे क्रॉसबो तिथेच जावयाकडे ठेवा किंवा विकून या.

भावाला सांगा, नुकसान दिसलं की आधी फोटो काढायचे, उलथलेली माती सारखी करायची नाही, आणि त्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात भरपाईचा अर्ज द्यायचा. वनखातं, तलाठी आणि कृषी सहायक यांचा एकत्र पंचनामा व्हावा लागतो, त्यासाठी सातबारा हाताशी ठेवावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. कलम ११ च्या परवानगीचीही चौकशी तिथेच करावी. तिथे दाद लागली नाही तर वन्यजीव विभागाचं राज्याचं मुख्य कार्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, वन भवनात आहे. बागेभोवती सौर झटका मशीन लावावी, तारा जमिनीपासून इतक्या खाली घ्याव्या की डुक्कर त्याखालून घुसणार नाही, आणि पावसाळ्यात तारेला टेकलेलं गवत दर आठवड्याला कापावं, नाहीतर झटका मातीत उतरतो. मेन लाइनचा करंट कुंपणाला कोणीही सुचवला तरी सोडू नये. आपल्या विदर्भात अशा तारेला वाघ चिकटून मेलेत, आणि रात्री पाणी द्यायला निघालेली माणसंही.